मदत हवी आहे: कसबा पेठेतल्या वाड्यातल्या घराला कर्ज कोण देईल?

शंतनू_७९
नमस्कार. घाईत लिहितोय, शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचं आहे.
कसब्यात आईबाबांसाठी घर पाहिलंय. वाड्यात दोन खोल्या आणि वर माडी, मिळून साधारण ४५० चौरस फूट. ३२ लाख सांगतायत. बाबांचं लहानपण तांबट आळीत गेलं. आता ते ७४ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी कसबा गणपतीला चालत जाता यावं एवढंच त्यांचं मागणं आहे. दोन बँकांत गेलो. दोन्हीकडे कागद चाळून पाच मिनिटांत परत पाठवलं. 'यावर कर्ज बसत नाही' म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत. माझी नोकरी पक्की आहे, सिबिल ७९०.
प्रश्न एवढाच: जुन्या वाड्यातल्या घराला कर्ज देणारी बँक किंवा पतसंस्था कोणती? 'पेठेत घर घेऊ नका' हा सल्ला कृपया नको.

मुठाकाठ
बँकेला कोणते कागद दाखवलेत? मालमत्ता पत्रकावर (सिटी सर्व्हेच्या मालकी नोंदीवर) नाव कोणाचं आहे?

शंतनू_७९
जे होते ते सगळे दाखवले. लाइट बिल विकणाऱ्यांच्या नावावर आहे. ५० वर्षं त्यांचंच घर आहे ते, कब्जाही त्यांचाच. कोणाला बँक माहीत असेल तर सांगा.

सोनचाफा
घर आईच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आम्ही नऱ्ह्यात घेतलं तेव्हा घेतली होती.

लघुवाद
मी वकील आहे, पुण्यात भाडेकरूंचे दावे चालवते. शंतनू, लाइट बिलावरून मालकी ठरत नाही. विकणारे दर महिन्याला कोणाला भाडं देतात का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

शंतनू_७९
हो, वाड्याच्या मालकांना देतात, महिना ४० रुपये. पण एजंट म्हणाला की ते नावापुरतं असतं, पेठेत सगळं असंच चालतं.

लघुवाद
मग बँकेने नाही का म्हटलं ते कळलं. तुम्ही घर विकत घेत नाही आहात, भाडेकरूचा हक्क घेताय. जे विकणाऱ्याचंच नाही ते बँक तारण कसं ठेवून घेणार? दुसरी बँक शोधून हे बदलणार नाही. सोनचाफा, सवलत घराच्या खरेदीखताला आहे. इथे खरेदीखतच होणार नाही.
आता तीन गोष्टी सांगा. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? शेवटची पावती कोणत्या सालची? विकणारे आज तिथे राहतात का?

गिरगावकर
इतकं घाबरवू नका हो त्यांना. आमच्या गिरगावात तीन पिढ्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरूचा हक्क घेतलेल्या, खोलीत गेल्या. पागडी बेकायदा नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५६ त्यासाठीच आहे. मालकाला तिसरा हिस्सा द्यायचा, नवीन पावती आपल्या नावावर फाडून घ्यायची, विषय संपला. उद्या इमारत पडायला आली तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहेच.

मुठाकाठ
गिरगावकर, म्हाडाचं ते मंडळ मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी आहे. पुण्यात उपकरही नाही आणि ते मंडळही नाही. इथे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, पुढे मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. माझ्या मावशीचा वाडा असाच उतरवला. ती दीर्घकाळ मुलीकडे राहिली, खोली परत मिळाली नाही.

गिरगावकर
म्हाडाचं माझं चुकलं, मान्य. पण पागडीचं मी म्हणालो ते बरोबर आहे.

लघुवाद
अर्धं बरोबर आहे. कलम ५६ मुळे पैसे घेणं कायदेशीर ठरतं. हक्क दुसऱ्याला देण्यासाठी मालकाची संमती लागतेच, आणि मालक पाच भाऊ असतील तर पाचही जणांची. शिवाय कलम ५५ प्रमाणे भाडेकराराचं लेखी आणि नोंदणीकृत दस्त व्हायला हवं. नुसती पावती बदलली म्हणजे झालं असं समजू नका.

ओसरी
मी शनिवार पेठेत वाड्यातच वाढले, म्हणून दुसरी बाजू लिहिते. चौकात तुळस, ओसरीवर दुपारची निवड-टिपण, कोणाकडे पाहुणे आले की सगळ्यांनाच कळायचं. आजी पडली तेव्हा मी शाळेत होते, आई ऑफिसात. शेजारच्या काकूंनी तिला उचलून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, आम्हाला नंतर समजलं. बाबांच्या वयाला अशी माणसं आसपास असणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त माडीचा जिना बघून घ्या. वाड्यातले जिने उभे आणि अंधारे असतात, वर दोराला धरून चढायचं. आणि संडास खोलीत आहे की मागच्या बाजूला सामाईक?

शंतनू_७९
संडास मागे आहे, तीन बिऱ्हाडांत एक. आत करून घेऊ म्हणतो. माडीवर खिडकी मोठी करायची आहे, तिथून शनिवारवाड्याचा बुरूज समोर दिसतो. बाबा त्या खिडकीशी अर्धा तास उभे होते.

चुनावीट
खिडकी मोठी करण्याआधी भिंत पाहा. पेठेतले वाडे लाकडी सांगाड्यावर उभे असतात. खांब आणि तुळया भार घेतात, मधली वीट भरावाची असते. भोक पाडताना तुळईचं टोक मोकळं झालं की वरचा खण खाली येतो. अशा दुरुस्त्या मी अनेक वर्षं करतोय. लोक ओल आली की सिमेंटचा गिलावा मारतात. ती ओल आत कोंडते आणि भिंतीतलं लाकूड कुजतं. चुन्याचाच गिलावा करा. खांबाच्या बुडाला पेचकस टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय. मोरीजवळचा खांब आधी तपासा.

मुठाकाठ
थांबा. बुरूज समोर दिसतो म्हणजे अंतर किती? शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच बांधता येतं. पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाहीच, जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. तिथल्या लोकांचे वाडे याच नियमात अडकून पडलेत. संडास आत घेणं, खिडकी मोठी करणं सगळं त्यात येतं.

चुनावीट
नुसत्या गिलाव्याला कोण येतंय विचारायला.

मुठाकाठ
कोणी तक्रार केली की येतात. आणि मालकाला भाडेकरू नको असेल तर तक्रार तोच करतो. ७४ वर्षांच्या माणसाला अशा भांडणात कशाला घालायचं?

सायकलस्वार
दोनचाकी कुठे लावणार? कसब्यात गल्लीत एक गाडी उभी राहिली की दुसरी जात नाही. गणपतीच्या दहा दिवसांत तर सगळं बंद.

शंतनू_७९
गाडीचा प्रश्न नाहीये, बाबा गाडी चालवत नाहीत! कसबा पेठ मेट्रो स्टेशन सुरू झालंय, मी त्यानेच येईन.

भिडेपूल
नदीपासून किती लांब आहे? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमचं नारायण पेठेतलं घर पाण्यात गेलं. आजोबांनी भिंतीवर पाण्याची रेघ तशीच ठेवली होती, माझ्या डोक्याच्या वर होती ती. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की नदीकाठी धाकधूक असते. वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ६१ ला पाणी कुठवर आलं होतं. ते बरोबर जागा दाखवतील.

लघुवाद
शंतनू, माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं राहिली. टोकन देण्याआधी ती हवीत.

शंतनू_७९
पावती विकणाऱ्यांच्या आईच्या नावावर आहे. त्या वारल्या. शेवटची पावती २०१६ ची. विकणारे १५ वर्षं चिंचवडला राहतात, खोल्यांना कुलूप असतं. पण सामान आहे त्यांचं आत.

लघुवाद
मग एक रुपयाही देऊ नका. मूळ भाडेकरू गेल्यावर हक्क आधी जातो तो मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, तसं कोणी नसेल तरच इतर वारसाकडे. मुलगा तेव्हा चिंचवडला होता, म्हणजे त्याच्याकडे हक्क आला का, हाच प्रश्न आहे. शिवाय सबळ कारण नसताना सलग सहा महिने वापर नसेल तर मालक जागेसाठी दावा लावू शकतो, इथे तर वर्षानुवर्षं कुलूप आहे. उद्या सिटी सर्व्हे ऑफिसात जा, मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा. त्यावरच्या प्रत्येक मालकाला भेटा. एजंटकडून मालकांचा निरोप घेऊ नका.

गिरगावकर
हे मी आधी विचारायला हवं होतं. आमच्याकडे पावती दर महिन्याची असते, म्हणून डोक्यातच आलं नाही. लघुवाद सांगतायत ते ऐका.

ओसरी
तोवर कसब्यातच साधा भाड्याचा फ्लॅट का घेत नाही? वाडा पाडून बांधलेल्या इमारती आहेत, संडास आत असतो. बाबांना गणपतीला जायचंय ना? त्यासाठी मालकी लागत नाही.

शंतनू_७९
भाड्याने राहायचं नाहीये त्यांना. आयुष्यभर भाड्यानेच राहिले, तांबट आळीतली खोलीसुद्धा भाड्याचीच होती. मालक बदलला आणि एका दिवाळीत सोडायला लागली. म्हणून तर हे चाललंय सगळं.

शंतनू_७९ (नऊ दिवसांनी)
उतारा मिळाला. पत्रकावर मालकांच्या आजोबांचं नाव अजून आहे, खाली सात वारसांची नोंद. एजंट ज्यांना 'मालक' म्हणत होता ते त्या सातांतले एक. त्यांना जाऊन भेटलो. बाकीच्या भावंडांशी त्यांचा दावा चालू आहे आणि विकणाऱ्यांनाही खोल्या खाली करण्याची नोटीस गेली आहे. एजंटने यातलं काही सांगितलं नव्हतं. टोकन दिलं नाही.
बाबांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काल रात्री स्वतःहून म्हणाले, भाड्याचं बघ, पण कसब्यातच बघ. लघुवाद, तुम्ही तीनदा विचारलंत म्हणून ३२ लाख वाचले. आधी चिडून उत्तरं दिली त्याबद्दल माफ करा. ओसरी, पावले चौकाजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे. उद्या आईबाबांना घेऊन जातोय. त्या भागात पाणी किती वाजता येतं, कोणाला माहीत आहे का?

ओसरी
पावले चौकाच्या कुठल्या बाजूला? आणि लिफ्ट चालू आहे ना, स्वतः वर जाऊन बघितलीत का?