हजार-दीड हजारात कानात नीट बसणारा इअरफोन सुचवा (रोजचं अपडाऊन, फक्त गाण्यांसाठी)

मेमूवाला_पाचोरा
राम राम मंडळी. पाचोरा-जळगाव रोजचं मेमूने (म्हणजे लोकल गाडीने) अपडाऊन आहे, एमायडीसीत चटईच्या कंपनीत. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास (म्हसावदला थांबवून ठेवली की मग देवाचं नाव घ्यायचं), गाणी ऐकायला मिळतात ती एवढ्याच वेळात. गेल्या दोन वर्षांत चार इअरफोन खाल्ले, सगळे तीनशे-चारशेवाले आणि सगळ्यांचं मरण एकच, आधी एक कान जातो, मग पिन अशीऽऽ वाकडी धरली की वाजतो, मग तसाही वाजत नाही. म्हणून मागच्या महिन्यात शहाणपणा करून ब्लूटूथवाले बड्स घेतले तर पंधराव्या दिवशी शिरसोलीला चढणाऱ्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि डावा बड गेला दारातून रुळावर. उजवा आहे अजून, कुणाला पाहिजे तर सांगा.

ऐकतो काय तर वडिलांमुळे लागलेली जुनी भावगीतं, नाट्यसंगीत, आणि लग्नसराईत अहिराणी गाणी, त्यात ढोल दणकलाच पाहिजे. फोनला गोल जॅक नाही, टाइप-सीच आहे. आता वायरचा घेऊ का परत ब्लूटूथ? ते चायनाचे आयईएम (कानात घट्ट बसणारे, कानावरून वायर फिरवायचे इअरफोन) म्हणतात त्यात खरंच दम आहे का नुसतं यूट्यूबवाल्यांचं कौतुक? आणि उजव्या कानातून कुठलाही इअरफोन निसटतोच, कानच वाकडा आहे का काय कळत नाही.

पाचकंदील_धुळे
आयक भो, कान वाकडा नाही तुझा. डब्यात तीन साईजच्या रबरी टिपा येतात, लहान मधली मोठी, त्या कधी बदलून बघितल्या का? नसतीलच. कंपनी मधली लावून देते, लोक तीच लावून वर्ष काढतात आणि "याच्यात बेसच नाही" म्हणून इअरफोनला शिव्या घालतात. टिपेच्या बाजूला केसाएवढी फट राहिली तरी खालचा आवाज, म्हणजे ढोल, तबल्याचा डग्गा, सगळा त्या फटीतून निघून जातो आणि मागे उरतं ते पत्र्यावर खडे टाकल्यासारखं. आता पारख सांगतो. तुझं ते ढोलवालं गाणं लाव आणि वाजत असताना इअरफोन बोटाने हलकाच आत दाब. दाबल्यावर ढोल एकदम मोठा झाला तर टिप लहान पडतेय. दाबलं काय न दाबलं काय सारखंच ऐकू आलं तर बरोबर बसलीय. दोन्ही कानांना एकच साईज लागते असंही काही नाही, मला डावीकडे मधली आणि उजवीकडे मोठी लागते. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची आणि मग आत सरकवायचा, सोडली की टिप आपोआप धरते. बठ्ठा खेळ टिपना शे.

आयईएमचं म्हणशील तर यूट्यूबवाले फुगवतात हे खरं, पण दम आहे. स्टेजवर गाणारे वाजवणारे स्वतःचा आवाज ऐकायला घालतात ती ही जात. वायर कानाच्या वरून मागे जाते त्यामुळे कुणाचा कोपर लागला तरी झटका कानाच्या पाळीवर बसतो, इअरफोन जागचा हलत नाही. वायर शर्टाला घासते तेव्हा कानात खर्रखर्र होतं ना, तेही कमी होतं. आणि मोठी गोष्ट म्हणजे वायर सुटी होते, वायर गेली तर वायरच बदलायची, इअरफोन फेकायचा नाही. तुझे चारही कशाने मेले? वायरनेच ना.

तुझ्या बजेटच्या आसपास तीन बघ. केझेडचा ईडीएक्स प्रो, हजाराच्या आत येतो, ढोल आणि झांज दोन्ही पुढे, मधला गळा जरा मागे. लग्नाच्या गाण्यांना मस्त, नाट्यसंगीताला नाही, ताना ऐकताना गायक दुसऱ्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. मूनड्रॉपचा चू २, थोडा महाग, पण गळा आणि हार्मोनियम समोर येऊन बसतात. सेव्हन हर्ट्झचा झिरो २, त्याहून अजून थोडा वर, बेस भरलेला पण गळ्यावर चढत नाही. मी तुझ्या जागी असतो तर सेलची वाट बघून चू २ घेतला असता. पहिला चू २०२२ चा, त्याची वायर सुटी होत नाही, स्वस्तात दिसला म्हणून तो उचलू नको. आणि ड्रायव्हर (आत आवाज काढणारी चकती) केवढ्याचा हे बघून अजिबात घेऊ नको, या तिन्हीत १० एमएमचा एकेकच आहे आणि तिन्ही तीन तऱ्हेने वाजतात.

गोलाणीतला_गाळा
जळगावात मोबाईल अ‍ॅक्सेसरीचं दुकान आहे माझं, त्यामुळे धुळेकर दादांच्या आयईएमवर जास्त बोलत नाही, माझ्याकडे मागायला कुणी येत नाही, गिऱ्हाईक म्हणतं "शेठ, बेस पाहिजे आणि माईक पाहिजे", संपला विषय. पण पिन वाकडी धरून वाजवायचं जे लिहिलंय ना, तसे रोज दोन-तीन येतात काउंटरवर. पिनेच्या मागे जो रबराचा आखूड गळा असतो तिथे वायर रोज वाकते, खिशात फोन उलटा ठेवला की अजूनच, आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. ज्याची पिन एल आकाराची त्याची वायर जास्त टिकते एवढं माझं निरीक्षण.

आमच्याकडे पोरगा पिन बदलून देतो. लोक घरी करायला जातात आणि फसतात, कारण वायर सोलली की आत लाल, हिरवी, तांब्याच्या रंगाची अशा केसासारख्या तारा निघतात आणि त्यावर सोल्डर धरतच नाही. रंग म्हणजे त्यावर लाखेसारखा थर असतो, आधी लायटरने टोक जरासं जाळायचं, काजळी पुसायची, मग सोल्डर धरतं. बहुतेक वायरींत लाल म्हणजे उजवा, हिरवा किंवा निळा म्हणजे डावा. माईकवाल्याच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, बिनमाईकच्या दोन, नवी पिन घेताना तेवढं बघायचं.

आणि एक, वापरलेला इअरफोन परत घेत नाही म्हणून आमच्या नावाने बोटं मोडू नका. दुसऱ्याच्या कानातला तुम्ही घालाल का?

मेमूवाला_पाचोरा
शेठ तुमच्याकडेच आलो असेन दोनदा तरी हाहा. पण जॅक नाही त्याचं काय? स्टेशनबाहेरून शंभर रुपयांचा टाइप-सीचा तुकडा (गोल पिन फोनला जोडायचा) घेतला होता, लावला की फोन म्हणतो काहीच जोडलेलं नाही. तुकडा खराब का फोन?

पाचकंदील_धुळे
बहुतेक दोन्ही चांगले आहेत, जमत नाही एवढंच. तुकड्यांच्या दोन जाती. एक नुसता आकार बदलतो, फोनने आतूनच गाण्याचा सिग्नल त्या टाइप-सीवर सोडला तर वाजणार, आणि बरेच फोन तो सोडतच नाहीत. दुसऱ्यात बारीकशी चिप असते, तिला डॅक म्हणतात, ती फोनमधून आकड्यांत आलेलं गाणं स्वतः आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलून देते. घेताना डब्यावर डॅक लिहिलेलं बघ. अ‍ॅपलचा तुकडा आवाजाला फार स्वच्छ आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो, गाडीत पुरणार नाही, तो लोकांचं ऐकून घेऊ नको. नाहीतर सरळ टाइप-सी पिनचाच चू २ पण मिळतो, म्हणजे तुकड्याची कटकट नाही. फक्त ऐकताना फोन चार्जिंगला लावता येत नाही, पाऊण तासाला काय लागतंय.

केळीबाग_रावेर
सगळे वायरच्या मागे लागलेत म्हणून लिहितो. मी केळीच्या बागेत वायर वापरूच शकत नाही, केळीची पिलं काढायला वाकलो की पानाला अडकते, एकदा ठिबकच्या नळीत गुंतून फोनच खिशातून बाहेर आला आणि थेट चिखलात. माझं म्हणणं नेकबँड (गळ्यात घालायचा ब्लूटूथवाला) घ्या. कानातून पडला तरी गळ्यात राहतो, रुळावर जात नाही. आवाजात फरक आहे म्हणता, असेल, पण फुकटच्या अ‍ॅपवर गाणी ऐकायची, त्यात डेटा सेव्हर चालू, आणि वर म्हणायचं ब्लूटूथने गाणं बिघडतं, हे काही पटत नाही दादा.

पाचकंदील_धुळे
शेवटचं एकदम खरं बोलले आप्पा. स्पॉटिफाय फुकट असेल तर जास्तीत जास्त १६० केबीपीएस (आकडा जेवढा मोठा तेवढं गाणं स्वच्छ) मिळतं, पैसे भरून वरचा प्लॅन घेतला तर ३२० किंवा त्याहून जास्त, त्यामुळे आधी अ‍ॅपची सेटिंग बघायची मग इअरफोनला नावं ठेवायची. ब्लूटूथचा माझा राग आवाजावर नाहीच, बॅटरीवर आहे. नखाएवढी बॅटरी, दोन-तीन वर्षांत दम सोडते, आणि बदलून कुणी देत नाही. वायरवाल्याला म्हातारपण येतं ते वायरलाच. तरी बागेत नेकबँडच बरोबर, तिथे मी वाद घालत नाही.

चोपड्याची_मास्तरीण
मला त्या ड्रायव्हरमधलं काही कळत नाही पण गाडीत मी पण बसते. मेमूत खिडकीशी बसलं की चाकांचा आवाज एवढा असतो की पोरं फोन फुल्ल करून ऐकतात, शेजारी बसलेल्या मला गाण्याचे शब्द कळतात! जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, आवाज जसा वाढेल तसे तास झपाट्याने कमी होतात. म्हणून दादांनी टिपेचं सांगितलं ते मला आवडलं, नीट बसली की बाहेरचा खडखडाट आपोआप अडतो आणि आवाज अर्ध्यावर पुरतो. मात्र फलाटावर आणि रूळ ओलांडताना दोन्ही काढा रे बाबांनो, कान बंद असला की मागून आलेली गाडी खरंच ऐकू येत नाही.

आणि इअरफोनच्या तोंडावरची जाळी पुसत जा. माझ्या पुतण्याचा एक कान बारीक झाला म्हणून टाकायला निघाला होता, बघते तर जाळीवर मळाचा थर. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडली, लगेच ठीक.

गोलाणीतला_गाळा
ताई बरोबर. मे महिन्यात ४४-४५ तापमानात घाम आत जातो तेव्हा पण एक कान बारीक होतो. फेकायच्या आधी बुटाच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची पुडी येते ना, ती आणि इअरफोन एका डबीत रात्रभर ठेवून बघा. पुष्कळदा उठतो.

मेमूवाला_पाचोरा
महिनाभराने लिहितोय, सॉरी. आधी घरी पडलेल्या मेलेल्या चार इअरफोनच्या टिपा गोळा केल्या आणि एकाची पिन शेठकडे बदलून घेतली, उजवीकडे मोठी टिप लावली, तर तोच तीनशेवाला असा वाजायला लागला की दोन दिवस नवा घ्यावा का नको असं झालं होतं. मग सेल लागला आणि चू २ घेतलाच, टाइप-सीवाला. पहिल्या दिवशी वायर कानावरून फिरवता येईना, आरशासमोर दहा मिनिटं, आई म्हणे आते काय कान टोचतोस का. आत सरकवताना कानात कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो, घाबरलो होतो, पण हळू घातला की येत नाही.

नाट्यसंगीत ऐकलं. तबल्यावर बोट घासून डग्गा वर चढवतात ते इतकी वर्षं ऐकतोय पण घासणं वेगळं आणि घुमणं वेगळं ऐकू आलं नव्हतं. अहिराणी गाण्यांत ढोल आहे पण छातीत बसत नाही, तिथे ईडीएक्स प्रोच पाहिजे होता असं वाटलं, धुळेकर दादा आधीच बोलले होते. वडिलांना एकदा लावून दिला, गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले, मग म्हणे वायर उलटी का घातली रे. तेव्हापासून रविवारी तो त्यांच्याकडेच असतो.

शेठ, नुसत्या टिपांचं पाकीट मिळतं का तुमच्याकडे? मोठी एक हरवली, बहुतेक माहेजीच्या आसपास सीटखाली.

गोलाणीतला_गाळा
मिळतं. पण मोठी साईज संपलीय, हा धागा वाचून चार जण घेऊन गेले. मंगळवारी या.