‘प्राथमिक’ म्हणजे पहिलं की किरकोळ?

ऐरोली: जागतिक आरोग्य धोरणावरचा एक लेख मराठीत करतेय. ‘प्रायमरी हेल्थ केअर’ला ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, “म्हणजे मलमपट्टीच ना?” दुसरा शब्द आहे का? आणि ‘इक्विटी’ला समता लिहू की समानता?

नौपाडा: सासूबाईंचं काय चुकलं! प्राथमिक शाळा, प्राथमिक फेरी, प्राथमिक अंदाज… या शब्दानंतर काहीतरी मोठं यायचं असतं, असाच आपला कान झालाय. त्यात ‘प्रथमोपचार’ शेजारीच बसलेला. पण १९७८च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या अल्मा-अता जाहीरनाम्यात (आताचं अल्माटी, कझाकस्तान) या नावाखाली लस आणि औषधांबरोबर पिण्याचं पाणी, पोषण, स्वच्छता, लोकांचा सहभाग असं सगळं होतं. तिथे ‘प्राथमिक’ म्हणजे अग्रक्रमाचं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी त्याला ‘निवडक’ हे विशेषण चिकटलं आणि पुढे युनिसेफच्या मोहिमेत बाळाची वाढ तपासणं, जलसंजीवनी, स्तनपान, लसीकरण या चारांवरच भर आला. शब्द तिकडेही आटलाच की.

वाशी: ‘पायाभूत’ कसा वाटतो?

नौपाडा: नको हो. पायाभूत म्हटलं की डोळ्यांपुढे उड्डाणपूल येतो.

शहापूर: मी आरोग्यसेविका आहे. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राला सगळे ‘पीएचसी’च म्हणतात, पूर्ण नाव फक्त पाटीवर. पाटीवरचाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. ‘इक्विटी’बद्दल मात्र बोलते. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे, असा निकष आहे. आकडा समान नाही, मुद्दामच नाही. पाड्यावरून केंद्रापर्यंत बाळंतिणीला आणायचं म्हणजे काय, ते इथे कळतं. याला समानता कसं म्हणणार?

नौपाडा: म्हणूनच ‘समन्याय’. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तो शब्द तिथेच राहू दे. ‘समता’ सुंदर आहे, पण चळवळीत इतका वापरलाय की नेमका अर्थ काढणं अवघड. गरज जास्त त्याला वाटा जास्त, हे ‘समन्याय’मध्ये बसतं. जरा कोर्टकचेरीचा वास येतो, एवढंच.

ऐरोली: ‘आरोग्यातील समन्याय’ लिहून सासूबाईंना दाखवलं. त्या पैठणच्या. म्हणाल्या, “हा तर आमच्या जायकवाडीच्या पाण्याचा शब्द! वरच्या धरणांतून सोडायला लावतात ना, तोच.” ठेवतेय.