लहान मुलांसाठी कॅम्पिंगची खुर्ची: घ्यावी का, आणि घेतलीच तर कोणती?

अबोली (धागाकर्ती)

जानेवारीत पवनेच्या काठी एक रात्र तंबूत काढली. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सातची. तिथल्या माणसाने सगळ्यांना मोठ्यांच्याच घडीच्या खुर्च्या दिल्या. छत्रीसारख्या मिटतात, हाताशी ग्लास ठेवायला जाळीचा खिसा असतो, त्या. लेक बसला तो झोळीत गडपच झाला. पाय अधांतरी. पुढच्या ताटलीतला भाजलेला बटाटा हवा म्हणून खुर्चीतच उभा राहिला, पाठीवर रेलला आणि खुर्चीसकट मागे उताणा. शेकोटी पुढच्या अंगाला होती म्हणून एका टेंगळावर निभावलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: मुलांना न्यायचं तर त्यांच्या मापाची, पाय जमिनीला टेकतील अशी स्वतःची खुर्ची हवी. नवरा म्हणतो दोन वर्षांत लहान होईल, कशाला पैसे घालवतेस. मे अखेरीला काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जायचंय, त्याआधी ठरवायचंय. तुमचं काय मत?

सह्यभटक्या

असहमत. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. दोन पोरं घेऊन मी राजमाचीपासून रतनगडापर्यंत हिंडलोय, खुर्ची एकही नेली नाही. साडेचार वर्षांचं पोर रानात एका जागी बूड टेकतं कधी? जेवताना दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी दीड-दोन किलोचं धूड वाहायचं?

जुनी कॅरीमॅट (तंबूत अंथरायची फोमची चटई) घ्या, कात्रीने फूट-फूटभर चौकोन कापा. प्रत्येकाला एक, त्यावर नाव लिहायचं. वजन काहीच नाही, चिखल लागला तर नळाखाली धरा. आणि ज्याचं बूड जमिनीवर आहे तो पडून पडून पडणार कुठे?

घरी सोफा, शाळेत बाक, गाडीत सीट. रानात गेल्यावर तरी मांडी घालून बसू द्या की पोरांना.

अबोली

भटक्या, मांडीला माझा विरोध नाही. घरी आम्ही अजून पाटावर जेवतो. पण पवनेला पहाटे गवत इतकं दवाने भिजलेलं होतं की सतरंजी पिळावी लागली. पोरांच्या ढुंगणाखालचा कपडा ओला, मग थंडी, मग रडारड. आणि तुम्ही गड चढून जाता, आम्ही डिकी उघडून उतरतो. दोन किलोचं कौतुक आम्हाला नाही.

साकव

कोकणातला माणूस म्हणून लिहितो. जमिनीवर बसण्याचं गुणगान वाचून बरं वाटलं, पण रात्री अंधारात, दगडांशेजारी, पालापाचोळ्यात लहान मूल बसवू नये. आमच्याकडे लाल विंचू आणि फुरसं दोन्ही आहेत, आणि दोघांनाही दगडांच्या फटी आवडतात. मोठ्या माणसाला विंचू चावणं आणि चार वर्षांच्या पोराला चावणं यात फार फरक आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत मुलं दगावणं आमच्या भागात नवल नव्हतं. वीतभर का होईना, पोर जमिनीपासून वर असलेलं बरं.

सह्यभटक्या

साकवदादा, मुद्दा मान्य, पण अर्धाच. वीतभर उंचीने विंचू थांबत नाही, आणि पाय तर खालीच असतात. पायात बूट, हातात बॅटरी आणि बसायच्या आधी जागा झाडून घेणं, हे खरं संरक्षण. उलट घडीच्या खुर्चीची ती लांबट पिशवी रात्रभर तंबूबाहेर टाकलीत की सकाळी आत कोण पाहुणा आहे सांगता येत नाही. पिशवी आत हात घालून नाही, उलटी करून झटकायची. बुटांचंही तेच.

साकव

पिशवीचं शंभर टक्के पटलं. सतरंजीच्या घडीलाही तोच नियम लावा मग. :)

न्यूजर्सीकर

इकडे प्रत्येक पोराची कॅम्पिंगची खुर्ची असतेच. कॅम्पसाइटवर लाकडी टेबल-बाक आणि शेकोटीचं लोखंडी कडं आधीच असतं, तरी लोक गाडीतून खुर्च्यांचा ढीग काढतात. त्यामुळे घ्यावी की नाही या वादात मी पडत नाही. कोणती घेऊ नये तेवढं सांगतो.

माझ्या मुलीचं बोट अशाच खुर्चीत सापडलं होतं. घडी अर्धी उघडलेली, ही घाईने बसायला गेली, दोन पाइप कात्रीसारखे जवळ आले. नख गेलं, पुढे नवीन आलं. पण तो आवाज अजून कानात आहे. नंतर शोधलं तेव्हा कळलं की अमेरिकेत यासाठी स्वतंत्र सरकारी नियमच आहे. 15 इंच किंवा त्याहून कमी उंचीची बैठक असलेल्या मुलांच्या घडीच्या खुर्च्या आणि स्टुलं यांना तो 2018 पासून लागू आहे. बोटं चिरडणं, खुर्ची अचानक मिटणं आणि कलंडणं, हेच त्यातले मुख्य धोके.

दुकानात हे करून बघा: खुर्ची पूर्ण उघडा, मग दोन्ही हातांनी मिटवायचा प्रयत्न करा. मुलांच्या चांगल्या खुर्चीला पायांच्या जोडावर प्लॅस्टिकची एक कडी असते, ती सोडल्याशिवाय मिटत नाही. कडी नसेल तर परत ठेवा. आणि उघडायचं-मिटवायचं काम मोठ्यांनीच करायचं. पोरांना "माझी मी उघडते" याची भारी हौस असते.

खवचट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खुर्चीत की सतरंजीवर ते सांगणार नाही, वाद वाढायला नको.

नेटका_संसार

एवढी चर्चा झाली आणि भांड्याच्या दुकानातली प्लॅस्टिकची छोटी खुर्ची कुणालाच आठवली नाही? बालवाडीत असते ती. घडी नाही म्हणजे बोट अडकायला जागाच नाही. पाय चारही फाकलेले, सहसा कलंडत नाही. पिठलं सांडलं तर तांब्याभर पाणी ओतलं की झालं. दोन असतील तर एकात एक बसतात. कॅम्पिंगच्या खुर्चीच्या निम्म्याहून कमी पैशांत येते आणि पोरगं मोठं झालं की बाथरूममध्ये बादली ठेवायला, नाहीतर गॅलरीत तुळशीखाली. आमची अकरा वर्षं झाली, अजून आहे.

"कॅम्पिंग" हा शब्द लागला की किंमत दुप्पट होते, असं माझं निरीक्षण आहे.

अबोली

नेटका, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं! फक्त आमच्या घरी आहे ती बसलं की पीं वाजणारी. काजवे बघायला शंभर माणसं श्वास रोखून उभी आणि आमचे चिरंजीव पीं... पीं... वन खात्याचे लोक हाकलून देतील.

नेटका_संसार

खालची शिट्टी स्क्रूड्रायव्हरने निघते. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी काढली होती.

सुताराची_पट्टी

मी शाळांना बाकं-खुर्च्या पुरवतो, तेव्हा मापाबद्दल राहवत नाही.

"पाच वर्षांपर्यंत", "आठ वर्षांपर्यंत" असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते विसरा. वयावर खुर्ची बसत नाही, पोटरीवर बसते. मुलाला बूट घालून स्टुलावर बसवा, गुडघा काटकोनात. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. बैठकीची पुढची कड त्या मापाइतकी किंवा बोटभर खालीच हवी. अंदाजासाठी सांगतो, शाळेच्या फर्निचरच्या युरोपियन मानकात (ईएन 1729) 93 ते 116 सेंटीमीटर उंचीच्या मुलाला 26 सेंटीमीटरची बैठक धरतात आणि 108 ते 121 वाल्याला 31. मोठ्यांच्या खुर्च्या चाळीस सेंटीमीटरच्या पुढे असतात. अबोलीताई, तुमच्या मुलाचे पाय अधांतरी होते यात नवल काहीच नाही.

कापडी खुर्चीत आणखी एक गोम आहे. दुकानात कापड ताठ असतं. मूल बसलं की मध्ये खोलगट होतं आणि पुढचा पाइप मांडीखाली वर येतो. तो रुतला की पायाला मुंग्या येतात, मूल चुळबुळतं आणि मग उभं राहतं. पुष्कळ वेळा उभं राहण्याचं कारण खोडसाळपणा नसतं, तो पाइप असतो. म्हणून बसवल्यावर पुढच्या कडेखाली आपली दोन बोटं सहज जातात का, ते बघायचं.

आणि झोळीत पाठ मागे कलते, ताट छातीवर येतं. जेवायला अशी खुर्ची वाईटच. या बाबतीत नेटका संसार यांची प्लॅस्टिकची खुर्ची सरस आहे, माझा धंदा लाकडाचा असला तरी!

सह्यभटक्या

पट्टीसाहेब, प्रतिसाद आवडला. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? पाइप, कडी, पोटरीचं माप, कापडाचा झोळ. एवढ्या भानगडी एका खुर्चीच्या. जमिनीला कडीही नाही आणि पाइपही नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. खुर्चीत पोर बसवलं की आईबाप निर्धास्त होतात. गप्पा, फोन. शेकोटीपाशी निर्धास्त होणं हाच अपघात. त्यात या खुर्च्यांचं कापड पॉलिस्टरचं, ते आचेने वितळून चिकटतं. ठिणगी उडून पडलेली भोकं प्रत्येक जुन्या खुर्चीत दिसतील.

अबोली

निर्धास्त होण्याचा मुद्दा मला लागला, कारण त्या रात्री आम्ही तेच केलं होतं. पण मी उलट अनुभवही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक रिकामं खोकं उपडं ठेवलं आणि लेकाला सांगितलं, ही तुझी जागा, इथून पुढे आग. तो अर्धा तास तिथून हलला नाही. सतरंजीवर असता तर सरकत सरकत निखाऱ्यांपर्यंत गेला असता, कारण सतरंजीला "माझी जागा" असं काही नसतं. खुर्ची ही आमची लक्ष्मणरेषा आहे.

सह्यभटक्या

सीतेने ती ओलांडली होती, ताई. :) (हलके घ्या.)

नाव लिहिलेला कॅरीमॅटचा चौकोनही "माझी जागा" होतोच. आणि सकाळचं म्हणालात म्हणून सांगतो: रात्रीच्या राखेत सकाळीही विस्तव असतो. वरून पांढरी, गार दिसते आणि पोरं वाळू समजून हात घालतात. झोपण्याआधी पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी ओतायचं. खुर्ची घ्या नाहीतर नका घेऊ, हे मात्र करा.

न्यूजर्सीकर

राखेला +1. इकडे कॅम्पवर पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात.

पाटावरची_आजी

मुलांनो, सगळं वाचलं. तुमच्या धाग्यात नातवंडांची सोय झाली, आमची कुणी विचारली नाही. सहलीला खुर्ची खरी लागते ती गुडघे गेलेल्यांना. मुलगा म्हणाला, सामान फार होतंय, म्हणून मोठी खुर्ची घरी राहिली आणि नातीची गुलाबी तेवढी आली. संध्याकाळी नात पाण्याकाठी दगड वेचत होती. खुर्ची रिकामी. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच टेकले. पस्तीस किलोची मर्यादा लिहिली होती म्हणे खाली, ती नंतर वाचली. कुर्रर्र असा आवाज आला, उजवा पाय वाकला आणि हे बसल्या बसल्या गवतावर. कुणी हसलं नाही, कारण नातीने भोकाड पसरलं.

तेव्हा आधी मोठ्यांची एक घ्या. मग पोरांचं बघा.

खवचट

आजी, तुमच्या प्रतिसादाला मोदक. आजोबा बरे आहेत ना?

पाटावरची_आजी

बरे आहेत. नवीन गुलाबी खुर्ची त्यांनाच आणावी लागली.

साकव

रच्याकने (जाता जाता), मऊ मातीत आणि वाळूत बारीक पायांच्या खुर्च्या रुततात, तेही एकाच बाजूने, आणि मग कलंडतात. जुने टेनिसचे चेंडू चिरून चारही पायांना घालतो आम्ही. तंबूच्या ताडपत्रीलाही भोकं पडत नाहीत.

अबोली (धागाकर्ती)

भंडारदऱ्याहून परत आले. कबूल केल्याप्रमाणे वृत्तान्त.

पोटरीचं माप घेतलं: मुलाचं 26, मुलीचं 31. मुलीसाठी कापडी घडीची घेतली, कडीवाली. दुकानदाराला ती मिटवून दाखवा म्हटलं तर कडी कुठे आहे हे त्यालाच माहीत नव्हतं, मी दाखवली. मुलासाठी प्लॅस्टिकची, शिट्टी काढलेली. सासूबाईंसाठी हात असलेली मोठी खुर्ची सगळ्यात आधी डिकीत ठेवली (आजी, धन्यवाद). साकवदादांचे चेंडूही लावले.

मुलगी तिच्या खुर्चीत बसून जेवली. मुलगा त्याच्या खुर्चीत जेमतेम पाच मिनिटं बसला. मग ती उपडी झाली आणि चार पायांमध्ये करवंदांचं दुकान लागलं. दोन दिवस दुकानच चालू होतं. काजवे बघायला अंधारात गेलो तेव्हा खुर्च्या गाडीतच राहिल्या, तो सगळा वेळ कडेवर.

माझं मत अजून तेच आहे, पाय टेकणारी खुर्ची हवी. पण साडेचार वर्षांच्यासाठी घडीवाली घेतली असती तर पैसे वाया गेले असते, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

सह्यभटक्या

करवंदांच्या दुकानदाराच्या ढुंगणाखाली काय होतं तेवढं सांगा.

अबोली

कॅरीमॅटचा चौकोन. वर नाव लिहिलेला. झालं समाधान?