विषय: नऊ एमबीचा वेडा राघू परत आला

मावशी, मुक्काम धरमपेठ, नागपूर

मंडळी, नमस्कार.

तिकडे तुम्ही फावड्याने बर्फ उपसून राहिले असाल. इथे मी पहाटे स्वेटर घालून गोरेवाड्याला जाते आणि दहा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधून घरी येते. जावयाने दिवाळीला कॅमेरा दिला, तेव्हापासून हे वेड लागलं आहे. काल तलावाच्या वाटेवर तारेवर वेडा राघू, म्हणजे किडे खाणारा तो छोटा हिरवा पक्षी, बसला होता, चोचीत मधमाशी. हात थरथरत होते तरी फोटो बरा आला. मंडळाच्या पाडव्याच्या स्लाइडशोसाठी इथे पाठवला, तर दोन मिनिटांत मेल परत! नऊ एमबी चालत नाहीत म्हणे.

मग फोनमधल्या एका ॲपने ८०० पिक्सेलचा केला, पक्षी फारच बारीक दिसला म्हणून कापून मोठा केला, व्हॉट्सॲपवर लेकीला पाठवला, तिथून उतरवून आता हा जोडला आहे. बघा काय झालं त्याचं. कॅमेऱ्यात एवढा देखणा होता, इथे रंग गेलेल्या छापील लुगड्यासारखा दिसतो आहे. सोबत अंबाझरी तलावावरचा बगळाही आहे. तो तर नुसता पांढरा कागद.

माझं काय चुकलं ते कोणी साध्या भाषेत सांगेल का?

मावशी

उत्तर: मूळचा सीताबर्डीचा, मंडळाचा बिनपगारी तंत्रज्ञ

मावशी, नमस्कार.

तुमचा फोटो चुकलेला नाही, कामांचा क्रम चुकला आहे. आधी लहान केलात आणि मग कापलात. हे उलटं हवं.

हिशोब बघा. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल. राघू चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्यात अंदाजे ९०० पिक्सेल लांब असेल. अख्खा फोटो ८०० चा केलात तेव्हा राघूच्या वाट्याला उरले १२०. मग ते १२० ताणून तुम्ही पडदाभर केले. पावभर दुधात बादलीभर पाणी! त्यावर व्हॉट्सॲपने आपल्या परीने आणखी दाबलं. जेपेगची, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या दाबलेल्या फाइलची, प्रत जितक्यांदा नव्याने दाबून सेव्ह होते, तितकी थोडी थोडी झिजते.

आता असं करा. मूळ फाइलची आधी एक कॉपी करून घ्या, तिचं नाव बदला आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवर करा. हे मी मोठ्या आवाजात सांगतो आहे असं समजा.

कॉपी उघडा आणि पहिल्यांदा क्रॉप करा. २४०० बाय १६०० चा तुकडा घ्या. राघू त्यात फोटोच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त रुंदीचा दिसेल, तेवढा पुरे. नवीन माणूस पक्ष्याला चारी बाजूंनी चिकटून कापतो, पासपोर्ट फोटोसारखा. तसं करू नका. तो ज्या दिशेला बघतो आहे तिकडे मोकळी जागा जास्त ठेवा आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्या कापल्या जाणार नाहीत हे बघा. त्या काड्यांशिवाय राघू म्हणजे झाडूविना झाडूवाला.

मग उजेड. वेड्या राघूच्या डोळ्यावरून काळी पट्टी जाते आणि डोळा लाल असतो. सावलीत तो डोळा त्या पट्टीत बुडून जातो. ॲपमध्ये गडद भाग उजळणारा 'शॅडोज' नावाचा स्लायडर असतो, तो थोडासा, अगदी थोडासा उजवीकडे सरकवा. लाल डोळा आणि त्यातला उजेडाचा ठिपका दिसला की थांबा. त्यापुढे गेलात तर काळ्या पट्टीत राखाडी दाणे उगवतात. ते दाणे घालवायला लोक 'नॉइज रिडक्शन' पूर्ण ओढतात आणि पक्षी मेणाचा होतो, पिसं गायब. माझ्या मते दाणे परवडले, मेण नको.

रिसाइझ, म्हणजे फोटो लहान करणं, सगळ्यात शेवटी. स्लाइडशोचा प्रोजेक्टर १९२० बाय १०८० चा आहे. तुमचा फोटो तीनास दोन प्रमाणाचा, म्हणून उंची १०८० धरा, रुंदी आपोआप १६२० येईल. मापांशेजारी साखळीचं चिन्ह असतं, ती जोडलेली राहू द्या, नाहीतर राघू सुटल्या पोटाचा होईल. लहान केल्यावर फोटो किंचित मऊ पडतो, म्हणून शार्पन, म्हणजे कडा ठळक करणं, त्यानंतर आणि हलकं. जेपेग क्वालिटी ८५ ठेवून एक्स्पोर्ट करा. फाइल अर्ध्या एमबीच्या आसपास येईल, आपली मर्यादा दोन एमबीची आहे. ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) करा असं कोणी सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. पडदा फक्त पिक्सेल मोजतो, डीपीआय छपाईच्या वेळी बघू.

हे सगळं करायला लॅपटॉपवर गिंप घ्या, फुकट आहे. फोनवर स्नॅपसीड, तेही फुकट.

बगळ्याचं मात्र काही होणार नाही. जेपेगमध्ये पांढरा एकदा पूर्ण पांढरा झाला की त्यात पिसांची नक्षी उरतच नाही, उजेड कमी केला तर नुसता राखाडी डाग मिळेल. पुढच्या वेळी पांढरा पक्षी, मागे गडद पाणी असं असेल तर कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एकवर ठेवा. आणि आकाशासमोर काळाभोर कोतवाल पक्षी बसला असेल तर अधिक एक. अंबाझरीला शक्यतो नऊच्या आत जा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी भिजल्यासारखा येतो. ते शार्पन करून सुटत नाही, उगाच वेळ जातो.

तर्री पोहे माझ्या वाटचेही खा.

उत्तर: वहिनी, सांस्कृतिक समिती

भाऊजींनी सगळं सांगितलं, एक राहिलं. रंग. मावशी, रंग भडक करणाऱ्या 'सॅच्युरेशन'ला हात लावू नका. मागच्या वर्षीच्या स्लाइडशोत एक हळद्या पक्षी होता, त्याला इतका पिवळा केला होता की मुलं विचारत होती हा खरा आहे की खेळण्यातला. हळद्याला वेगळी हळद लावायची काय गरज? राघूचा हिरवा तर असा आहे की जरा ओढलात तर ट्रॅफिक सिग्नलचा हिरवा होतो, आणि मग गळ्याजवळची निळसर छटा त्यात हरवून जाते.

उलट रंग फिकट दिसत असतील तर कॅमेऱ्यात कलर स्पेस, म्हणजे रंग नोंदवायची पद्धत, बघा. 'ॲडोबी आरजीबी' असेल तर 'एसआरजीबी' करा. पुष्कळ ठिकाणी ॲडोबी आरजीबी नीट वाचली जात नाही आणि फोटो उदास दिसतो.

आणि फोनने काढलेल्या फोटोत जागेचा पत्ताही साठवलेला असू शकतो. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की दर्जा शाबूत राहतो हे खरं, पण तो पत्ताही सोबत जातो. राघूचं ठीक आहे, तो प्रत्येक तारेवर असतो. घुबडाची ढोली किंवा कुणाचं घरटं दिसलं तर आधी पत्ता काढून टाका, आणि घरट्याचे फोटो तर मी स्लाइडशोत घेणारच नाही. यावरून मागे वाद झाला होता, पुन्हा नको.

मथळा मी सुचवते: 'चोचीत मध'.

उत्तर: मावशी

दोघांचेही आभार. आता माझा पराक्रम ऐका.

भाऊ, तुम्ही मोठ्या आवाजात सांगितलेलं मी सावकाश वाचलं. त्याआधीच लॅपटॉपवर फोटो उघडून ८०० चा केला होता आणि 'सेव्ह' दाबून बसले होते. मूळ फाइल गेली! अख्खी दुपार डोकं धरून बसले. जावई नेहमी म्हणतात, आई, कार्ड रिकामं करत जा, भरलं तर ऐन वेळी फोटो निघणार नाही. मी कधीच ऐकलं नाही, म्हणून राघू कार्डात जसाच्या तसा सापडला. आता दोन कॉपी केल्या आहेत, एक पेनड्राइव्हवर, तो देवघराच्या खणात.

गिंपने सुरुवातीला घाबरवलं. सेव्ह केलं तर त्याने भलत्याच प्रकारची फाइल बनवली, ती लेकीच्या फोनवर उघडेना. शेजारचा अकरावीतला मुलगा म्हणाला, आजी, 'सेव्ह' नाही, 'एक्स्पोर्ट' दाबा. एवढीच गोष्ट होती. क्रॉप चार वेळा केलं, कारण दर वेळी शेपटीच्या काड्या कापल्या जायच्या. शॅडोज सरकवला आणि खरंच, काळ्या पट्टीतून लाल डोळा वर आला. आधी मला वाटलं स्क्रीनवर काही चिकटलं आहे, पुसायला गेले.

१६२० बाय १०८०, ५४० केबी. सोबत जोडला आहे.

वहिनी, मथळा मात्र बदलावा लागेल. छोट्या फोटोत नुसता काळपट ठिपका होता, आपण सगळे मधमाशी धरून चाललो. आता मोठं करून बघा. लांब बारीक अंग चोचीबाहेर लोंबतं आहे, चार पारदर्शक पंख आहेत, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ एक काळा ठिपका. मधमाशी नव्हे, चतुर नावाचा किडा आहे तो.

मावशी