एल्कची पहिली शिकार: काय सांभाळू?

प्रश्न: ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत रायफलने एल्कची (मोठ्या जातीचं हरीण) पहिलीच शिकार. परवाना मिळालाय. जाणत्यांनी सांगा.

उत्तर: १४ वर्षं जातोय. आधी वारा बघा, नाहीतर तुमचा वास जनावराला लागतो. ऊन तापलं की वारा डोंगर चढतो, सांजावताना उतरतो. खिशात टाल्कम पावडर ठेवा, चिमूटभर उडवून बघत चला. जनावर पडल्यावर फोटोत रमू नका. पहिल्या वर्षी मी रमलो. जाड कातड्याखाली ऊब कोंडून मांडीचं मांस हाडापाशी आंबलं. तो वास अजून नाकात आहे. लगेच कातडं सोडवा, मांस सावलीत टांगा.

प्रश्नकर्ता: आम्ही दोघंच. मांस गाडीपर्यंत वाहून न्यायला खेपा किती?

उत्तर: मोठा नर असेल तर दोघांना मिळून पाच-सहा. म्हणून गाडीपासून फार लांब गोळी झाडूच नका.