मदत हवी आहे: कुटुंबे न मोडता एक्सेलमधील यादीची गावानुसार क्रमवारी कशी लावावी?

नमस्कार. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करण्याचे काम आम्ही काही जण करीत आहोत. त्यासाठी गोळा केलेली माहिती एक्सेलच्या एकाच पानावर असून तिच्या सुमारे १,८५० ओळी झाल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाची पहिली ओळ कुटुंबप्रमुखाची आहे आणि तिच्याखाली पत्नी, मुले, सुना व नातवंडे अशा ओळी येतात. नाते, नाव, जन्मवर्ष, शिक्षण व सध्याचे वास्तव्य असे रकाने आहेत. वास्तव्याचा रकाना बहुतेक ठिकाणी फक्त प्रमुखाच्या ओळीत भरलेला आहे. दोन कुटुंबांच्या मध्ये वाचायला सोपे जावे म्हणून एक ओळ रिकामी सोडली आहे.

आता ही यादी गावानुसार लावायची आहे, म्हणजे त्या त्या गावातील आप्तांकडे फक्त त्यांच्यापुरती पाने तपासणीसाठी पाठवता येतील. मी संपूर्ण यादी निवडून वास्तव्याच्या रकान्यावर सॉर्ट केले, तेव्हा सगळे प्रमुख गावानुसार नीट लागले, परंतु बायका-मुलांच्या ओळी, त्यांचा तो रकाना रिकामा असल्यामुळे, यादीच्या तळाशी जाऊन पडल्या. उलट क्रमाने लावूनही त्या तळाशीच राहिल्या. नोकरीनिमित्त नागपूरला राहणाऱ्या ज्या मुलापुढे 'नागपूर' लिहिलेले होते, तो तर चिपळूणच्या आई-वडिलांपासून वेगळा होऊन भलत्याच कुटुंबाखाली गेला.

हे सारे मी मूळ फाइलच्या प्रतीवर केले, म्हणून नुकसान झाले नाही. मागच्या वर्षी मात्र आमच्यापैकी एकाने केवळ नावांचा एकच रकाना निवडून सॉर्ट केले होते आणि नावे एकाची, जन्मवर्षे दुसऱ्याची अशी सरमिसळ झाली होती. ती निस्तरण्यात दोन महिने गेले. यातील पुष्कळ माहिती ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या वडीलधाऱ्यांनी फोनवर सांगितलेली आहे, त्यांपैकी काही जण आता हयात नाहीत, आणि म्हणून पुन्हा विचारून घेण्याची सोय उरलेली नाही. प्रत्येक कुटुंब एकसंध ठेवून, आतील क्रमही न बदलता, गावानुसार मांडणी करण्याची खात्रीशीर पद्धत कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

एक्सेलच्या दृष्टीने प्रत्येक ओळ स्वतंत्र असते. प्रमुखाच्या खालची ओळ त्याच्या पत्नीची आहे, हे आपल्याला केवळ जागेवरून कळते आणि सॉर्ट करताना नेमकी जागाच बदलते. त्यामुळे जे आज जागेवरून कळते ते प्रत्येक ओळीत लिहून ठेवणे, हाच यावरचा उपाय आहे.

प्रथम कुटुंबांमधील रिकाम्या ओळी काढून टाकाव्यात आणि कुठे सेल (चौकटी) मर्ज, म्हणजे एकत्र, केलेले असतील तर ते सुटे करावेत, कारण मर्ज केलेले सेल असले की एक्सेल बहुधा सॉर्ट करण्यास नकार देते. त्यानंतर चार नवे रकाने घ्यावेत. पहिल्यात मूळ क्रम, म्हणजे १ पासून शेवटच्या ओळीपर्यंतचे साधे आकडे भरावेत. दुसऱ्यात कुटुंब क्रमांक: पहिल्या ओळीत हाताने १ लिहावा आणि पुढे इफचे (IF, म्हणजे 'जर-तर'चे) सूत्र द्यावे, की नात्याच्या रकान्यात 'प्रमुख' असेल तर वरच्या सेलमधील आकड्यात १ मिळवावा, नसेल तर वरचाच आकडा घ्यावा. तिसऱ्यात कुटुंबाचे गाव व चौथ्यात प्रमुखाचे नाव त्याच रीतीने: ओळ प्रमुखाची असेल तर तिच्यातील माहिती, नसेल तर वरच्या सेलमधील. नागपूरच्या मुलाची अडचण इथेच सुटते, कारण त्याचे वास्तव्य नागपूर राहते आणि कुटुंबाचे गाव चिपळूण होते.

यानंतरची पायरी कृपया चुकवू नये. हे चारही रकाने कॉपी करून त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून केवळ व्हॅल्यूज, म्हणजे सूत्रांऐवजी त्यांची उत्तरे, म्हणून चिकटवावेत. सूत्रे 'वरच्या ओळीकडे' पाहतात आणि सॉर्टनंतर वरची ओळ दुसऱ्याचीच असते.

मग संपूर्ण तक्ता निवडून कस्टम सॉर्टमध्ये कुटुंबाचे गाव, प्रमुखाचे नाव, कुटुंब क्रमांक आणि मूळ क्रम असे चार स्तर याच अनुक्रमाने द्यावेत. कुटुंब क्रमांक अनावश्यक वाटेल, परंतु आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने एकाच गावात दोन 'केशव गणेश' सहज निघतात आणि क्रमांक असला की त्यांची कुटुंबे वेगळी ओळखता येतात.

प्रतिसाद २

वरील पद्धत योग्य आहे. गावांच्या नावांचे लेखन मात्र आधी तपासावे. 'रत्नागिरी' हे नाव काही कळफलकांवरून टंकताना मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह येते, आणि मग वाचताना सारखेच वाटणारे नाव संगणकाला निराळे वाटू शकते. वास्तव्याच्या रकान्याला फिल्टर लावून यादी उघडली, की एकच गाव दोनदा आलेले असल्यास ते लक्षात येते.

मूळ धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल प्रतीवर सर्व पायऱ्या केल्या. शेवटचा कुटुंब क्रमांक ३०९ आला, पण आमच्या वहीत कुटुंबे ३१२ आहेत. शोधल्यावर तीन ठिकाणी 'प्रमुख' या शब्दापुढे एक मोकळी जागा राहिल्याचे आढळले, त्यामुळे ती कुटुंबे आधीच्या कुटुंबात धरली गेली होती. ते दुरुस्त करून पुन्हा सॉर्ट केले आणि मूळ क्रमाच्या रकान्यावर सॉर्ट करून यादी जशीच्या तशी परत येते, हेही पडताळून पाहिले. चिपळूणची पाने आज तपासणीसाठी पाठवली आहेत.