नऊ कागदी चौकोन आणि दहा वर्षं: एलएसडी, अध्यात्म आणि आपला कायदा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो. गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ वकिलांबरोबर एका विद्यार्थ्याच्या जामिनाचं काम पाहिलं. त्याच्या खोलीत एलएसडीचे, म्हणजे भास घडवणाऱ्या एका अमली रसायनाचे, नऊ ब्लॉटर सापडले. ब्लॉटर म्हणजे एलएसडी शोषलेल्या कागदाचा नखाएवढा चौकोन. एका चौकोनात साधारण 100 मायक्रोग्रॅम धरले, तर नवांत मिळून एक मिलिग्रॅमही भरत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात 2 मिलिग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’ आणि जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा. पण वजन कागदासकट झालं, 135 मिलिग्रॅम. 100 च्या वर गेलं की ‘व्यावसायिक प्रमाण’. तिथे कमीत कमी दहा वर्षं, आणि वर कलम 37: आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, हे न्यायाधीशांना पटल्याशिवाय जामीन नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली सांगितलं की कागद हा सेवनाचाच भाग, म्हणून तो वजनात धरायचा. केरळ उच्च न्यायालयाने 2025 साली मॅजिक मशरूमच्या, म्हणजे भास घडवणाऱ्या अळंबीच्या प्रकरणात म्हटलं की अळंबी म्हणजे मिश्रण नव्हे, तिचं सगळं वजन धरता येणार नाही. अळंबीचा गर सोडायचा आणि कागदाचा लगदा मोजायचा, हे मला पटत नाही.

पुढे जाऊन मी म्हणेन, या पदार्थांना हेरॉइनच्या पंगतीला बसवणंच चूक आहे. यांची तलफ लागत नाही. आपल्याकडे सोमरस होता. योगसूत्रांच्या चौथ्या पादात पहिल्याच सूत्रात सिद्धीचं एक साधन म्हणून ‘औषधि’ आली आहे. कुंभात चिलीम चालते, महाशिवरात्रीला भांग चालते, आणि कायद्यानेही नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. स्वतःच्या मनाचा शोध घेणाऱ्याला गुन्हेगार का ठरवायचं?

धम्मपथिक

वजनाचा मुद्दा रास्त आहे. पण सोम कृपया मध्ये आणू नका. तो नक्की कोणती वनस्पती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आणि योगसूत्रांचा आधार घेताय तर पाच सूत्रं पुढे जा. त्याच पादातलं सहावं सूत्र सांगतं की ध्यानातून घडलेलं चित्तच वासनांच्या साठ्यापासून मुक्त असतं. औषधीने आलेल्या सिद्धीला हा मान दिलेला नाही. तिसऱ्या पादात तर सिद्धींना समाधीतला अडथळा म्हटलंय.

मी इगतपुरीला विपश्यनेची चार शिबिरं केली. आत शिरतानाच पाच शीलं घ्यावी लागतात, त्यात नशा न करण्याचं एक. तिसऱ्या शिबिरात मला विलक्षण प्रकाशाचा अनुभव आला. उत्साहाने आचार्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, “आला, जाईल. बसा.” ते एक वाक्य मला पुढची सहा वर्षं पुरलं आहे. कागद जिभेवर ठेवून प्रकाश दिसेलही, पण तो धरून ठेवायचा नाही हे कोण शिकवणार?

मनोरमा

एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी 19 वर्षं समाजसेविका आहे. ‘तलफ लागत नाही’ हे खरं, पण ते अर्धंच झालं. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे, त्यांना सायकेडेलिकच्या, म्हणजे अशा भास घडवणाऱ्या पदार्थांच्या, बहुतेक चाचण्यांत घेतच नाहीत. लिथियम चालू असताना एलएसडी घेतलं तर फिट येऊ शकते. घरचा इतिहास किती पोरांना ठाऊक असतो? मामाला ‘डोक्याचा त्रास’ होता, एवढंच सांगितलेलं असतं. शिवाय एलएसडी म्हणून एनबोम नावाची रसायनं विकली जातात, त्यांनी माणसं दगावली आहेत. तुम्ही 100 मायक्रोग्रॅम ‘धरले’. घेणाराही तसंच धरूनच चालतो.

तरी दुसरी बाजूही लिहिते, कारण ती मी रोज पाहते. आमच्याकडे असंच काही घेतलेला एक मुलगा आला, दोन रात्री झोप नाही, टाकीतल्या पाण्यात कुणीतरी काही कालवलंय म्हणून तीन दिवस पाणी प्यायला नव्हता. मित्रांनी पोलिसांच्या धास्तीने त्याला पहाटे एसटी स्टँडवर सोडून दिलं होतं. आई शेजाऱ्यांना टायफॉइड सांगत होती. कायद्यात कलम 64अ आहे, उपचाराला स्वतःहून आलेल्या व्यसनीला खटल्यातून मोकळीक देणारं. पण हा मुलगा व्यसनी नव्हताच. त्याने आयुष्यात एकदा घेतलं होतं. त्याच्यासाठी कायद्यात एक ओळ नाही.

निवृत्त खाकी

वकीलसाहेब, एकट्याला नऊ चौकोन कशाला लागतात? सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली पूर्ण मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं, त्यामागे कारण आहे. बाजारात शुद्ध माल कुणी विकत नाही. फक्त शुद्ध भाग मोजला तर विकणारा भेसळ वाढवेल आणि एक वर्षात बाहेर येईल. 2024 ला कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा केवढा साठा निघाला, विसरलात? ध्यान, सोम, मनाचा शोध, हे शब्द विक्रेत्यांनाही छान येतात. मी ते पंचांसमोर ऐकले आहेत.

कृष्णाकाठ

खाकीसाहेब, हेरॉइन वजनावर विकतात, म्हणून तिथे तुमचा मुद्दा लागू पडतो. ब्लॉटर नगावर विकतात. तेच एलएसडी पातळ कागदावर असतं तर मुलगा 100 च्या आत राहिला असता. कागद जाड निघाला म्हणून कमीत कमी दहा वर्षं?

नऊ कशाला, याचं उत्तर टाळत नाही. चौघा मित्रांचे होते, असं तो स्वतःच म्हणतो. कायद्यात तोही पुरवठाच. शिक्षा नको, असं मी म्हणत नाही.

धम्मपथिक, सहावं सूत्र पुन्हा वाचलं. सोमाचा आणि सिद्धीचा मुद्दा मागे घेतो. कायदा बदलायला ऋषींची साक्ष लागू नये.

पोर्टलंडकर

मी मात्र तो मुद्दा सोडणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 2020 च्या मतदानाने परवानाधारक केंद्रात सिलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं द्रव्य, घेता येतं. केंद्रं 2023 ला सुरू झाली. वय 21 पूर्ण हवं, आधी तयारीची बैठक, घेताना प्रशिक्षित माणूस शेजारी. कोविडात आई सोलापूरला वारली आणि मला विमान मिळालं नाही. तीन वर्षं मी रडले नव्हते. त्या केंद्रात पाच तास रडले, आणि घरी येऊन पहिल्यांदा तिचं श्राद्ध घातलं. जॉन्स हॉपकिन्सच्या 2006 च्या प्रयोगात 36 जण होते. त्यांतल्या बहुतेकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत मोजला. याला अध्यात्म म्हणायचं नाही, तर कशाला?

पण त्याच दिवशीच्या दुसऱ्या मतदानाने इथे सगळेच अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगणं गुन्ह्याबाहेर काढलं. उपचारांचा पैसा उशिरा पोचला, फुटपाथवर उघड्यावर फेंटानिल (अफूसारखंच, पण फार जहाल रसायन) ओढणं नेहमीचं झालं, आणि 2024 ला विधिमंडळाने ते फिरवलं. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. आणि माझा खर्च हजार डॉलरच्या वर गेला, हेही सांगते. गरिबाच्या दुःखाला ते दार अजून बंदच आहे.

शापोराकाठ

मी गोव्यातल्या हणजुण्याचा. मोक्ष शोधायला आलेले लोक आमच्या गावाने पन्नास वर्षं पाहिले. ते परत गेले, माल विकणारे पेडलर इथेच राहिले. मेक्सिकोत वाउत्ला गावी मारिया साबिना नावाची वैदू होती. ती रोग्यांसाठी अळंबीची रात्र जागवायची. 1957 साली अमेरिकन मासिकात लेख आला आणि गावात बाहेरच्यांची रीघ लागली. पोलिस आले, तिचं घर जाळलं गेलं. ती देव शोधायला अळंबी खात नव्हती, आजाऱ्याला बरं करायला खायची. हा फरक आमच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना कधी कळला नाही.

मनोरमा

कृष्णाकाठ, त्या नऊ चौकोनांत खरंच काय आणि किती होतं, ते कुणी तपासलं का?

कृष्णाकाठ

रासायनिक विश्लेषण अहवालात ‘एलएसडी आढळले’ एवढंच आहे. किती, ते मोजलेलंच नाही. जामीन एकदा फेटाळला गेलाय. शुद्ध प्रमाण मोजावं असा अर्ज आम्ही दिला आहे, सुनावणी व्हायची आहे. मुलगा आत आहे.